पोटात डिस्क, तोंड मिटलेलं

मित्रांनो, मी एक जुना डिस्क ड्राइव्ह आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्यावरही माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. राग मानू नका. माझा धंदाच तसा आहे. कुणी माझ्या ट्रेवर गोल चकती ठेवली की मी तोंड मिटतो, तिला जरा फिरवून बघतो, खालून भिंगातून बारीक उजेड टाकतो आणि मनाशी म्हणतो, ही खरंच डिस्क आहे का? उलटी तर ठेवली नाही? कुणी बिस्किटाच्या हातानं तर धरली नव्हती? एकदा वाचून जमलं नाही तर मी वेग कमी करतो आणि तीच ओळ पुन्हा वाचतो. सगळी खात्री पटली की मगच कॉम्प्युटरला कळवतो, 'आहे बाबा, घे.'

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे डोक्याला टोप्या आणि हाताला मोजे घातलेल्या बायका रांगेनं बसत. एकीनं माझं भिंग बसवलं, एकीनं ट्रे सरकवणारा रबरी पट्टा चढवला. माझ्या चेहऱ्यावर बटणाच्या शेजारी सुईच्या अग्राएवढं एक भोक ठेवलं. कधी बटण चाललं नाही, तर त्यात पिन घालून माझं तोंड उघडता यावं म्हणून. शेवटच्या बाईनं मला उघडून-मिटून पाहिलं आणि पुढे ढकलण्याआधी परत एकदा उघडून पाहिलं. तिलाही माझा संशयच आला असणार.

मग मी एका कॉम्प्युटरच्या डब्यात बसलो. या डब्याला घरात सगळे सीपीयू म्हणतात. एका भावानं तो आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन दिला होता, कारण ती घरांचे नकाशे काढायला शिकत होती. ते माझे खरे कामाचे दिवस. नकाशे, धडे, गाणी, सिनेमे, सगळं माझ्या तोंडातून आत जायचं. बहीण वेंधळी होती. डिस्क आत ठेवायची आणि विसरायची, कव्हर घरभर शोधायची. पण मी अडलो की डब्याच्या कुशीवर तळहातानं एक चापट द्यायची आणि म्हणायची, "चल रे माझ्या राजा!" मैत्रिणींना सांगायची, "आमचा ड्राइव्ह सगळं वाचतो. तुमचे ओरखडलेले सिनेमे आणा खुशाल." माझं कौतुक झालं ते तेवढंच. पण ते खरं होतं.

पुढे भावाचं लग्न झालं, बहीण नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, आणि घरात एक मुलगी जन्माला आली. ती रांगायला लागली तेव्हा जिथे फट दिसेल तिथे बोट घालू लागली, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. नकाशेवाली बहीण आता मुंगीची आत्या झाली.

मुंगीची आई मात्र माझ्याच जातीची निघाली. दुसऱ्यांच्या मनात शंकेची पाल कधीमधी चुकचुकते, हिच्या मनात तिनं बिऱ्हाडच केलं होतं. दूधवाल्यानं पाणी घातलं असेल. औषधाच्या बाटलीचं झाकण दुकानातच कुणी उघडलं असेल. शेजारीण मुंगीला हसवते ती का बरं हसवते? लोक तिला हसायचे. मी हसलो नाही. तिचं तोंड दुधानं पोळलेलं होतं, हे मला ठाऊक होतं.

झालं असं की मुंगी अगदी तान्ही असताना तिच्या एका किडनीला सूज असल्याचं कळलं. जुन्या गावातल्या दवाखान्यात तिचा मोठा स्कॅन झाला. इतकं लहान मूल यंत्रात न हलता पडून राहत नाही, म्हणून तिला भूल दिली. स्कॅन झाला, पण मुंगी काही केल्या जागी होईना. डॉक्टर म्हणत होते, काही मुलांना वेळ लागतो. आणि आई तिच्या तळपायाला टिचक्या मारत बसली होती. हे मी पाहिलेलं नाही. पण तिनं ते इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ झालं.

त्या स्कॅनची चित्रं एका डिस्कवर मिळाली. आई ती डिस्क माझ्यात घालायची आणि करड्या-काळ्या सावल्या बघत बसायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी बघायची. मग मुंगीच्या बाबांची बदली झाली आणि घर हलवायची एकच धांदल उडाली. खटाखट वायरी उपटल्या, सीपीयू चादरीत गुंडाळला आणि टेम्पोत चढवला. "बाबा रे, तुझ्या पोटात काही आहे का?" असं कुणीही मला विचारलं नाही. पोटात ती डिस्क होती. खड्ड्याखड्ड्यांतून जाताना एक वायर सुटली आणि डिस्क जागेवरून सरकून तिरकी झाली.

नव्या घरात मला टेबलाखाली जमिनीवर ठेवलं. टेबलावर लॅपटॉप आला. पातळ, चकचकीत, आणि त्याला तोंडच नाही! ज्याला तोंड नाही त्याच्यावर मी काय विश्वास ठेवणार? पण सगळ्यांचं काम त्याच्यावर भागू लागलं.

एके दिवशी मुंगीनं भिंतीतल्या खिळ्याच्या भोकात काडी घातलेली आईनं पाहिली. पुढचं भोक विजेचं असेल, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं दुकानातून पांढरी पुट्टी आणली आणि जमिनीवर बसून, मुंगीचा हात पोचेल तिथवरची घरातली यच्चयावत भोकं बुजवली. वापरात नसलेले प्लग, खिळ्यांच्या खुणा, दाराच्या चौकटीतली फट. बुजवत बुजवत ती माझ्यापाशी आली. माझ्या चेहऱ्यावरचं ते सुईएवढं भोकही तिच्या नजरेतून सुटलं नाही. बोटानं थोडी पुट्टी, वरून ओल्या फडक्याचा हात. माझा चेहरा असा सपाट झाला की आरशात मलाही ओळख पटली नसती.

त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. माझा रबरी पट्टा पडून पडून सैल झाला. भिंगावर धूळ बसली. मी अंधारात डिस्क पोटाशी धरून होतो आणि मला एकच खात्री होती, की हे लोक एक दिवस मला तिच्यासकट भंगारात देणार.

आणि मग नव्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी मुंगीच्या पोटाची साधी तपासणी केली. सूज दिसत होती. "पण ही वाढलीय की उतरलीय ते जुनी चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "गुरुवारी घेऊन या. नसतीलच, तर त्याच दिवशी परत भूल देऊन मोठा स्कॅन करू." खिडकीवरच्या माणसानं वर सांगितलं, की आमच्याकडे डिस्क चालत नाही, पेनड्राइव्हवर आणा. जुन्या दवाखान्याला फोन केला, तर त्यांच्याकडची चित्रं केव्हाच पुसली गेली होती.

आईनं घर उलथंपालथं केलं. डिस्कचं कव्हर सापडलं. रिकामं. आता संशयाला जागा भरपूर झाली. त्याच आठवड्यात आत्या राहायला आली होती.

"घर हलवताना मदतीला आली होतीस, तेव्हा बांधाबांध तू केली होतीस ना?" आईनं विचारलं. आवाज गोड होता, पण तो गोडवा तपासणीचा होता.

"भांड्यांची केली होती. तुझ्या कागदांना तू मला शिवू तरी दिलंस का? 'हे मी बघते, ते मी बघते.'"

"तसं नाही गं. चुकून तुझ्या सामानात गेली असेल."

"वहिनी, सरळ विचार ना, चोरलीस का म्हणून! मला काय करायचीय तुझ्या लेकीची किडनी?"

"अभद्र बोलू नकोस." आईचा आवाज फुटला. "तिला परत भूल द्यायची म्हणतात. तू नव्हतीस तेव्हा तिथे."

आत्या कव्हर हातात घेऊन म्हणाली, "कव्हर आहे आणि डिस्क नाही, म्हणजे मशीनमध्येच असणार. माझी अर्धी गाणी तशीच हरवायची."

"मी काढून ठेवली होती. मला पक्कं आठवतंय."

मित्रांनो, 'पक्कं आठवतंय' असं माणूस म्हणालं की माझा संशय दुप्पट होतो. मी आतून ओरडत होतो, इथे आहे, इथे! पण माझं तोंडच मिटलेलं.

तरी आत्यानं मला टेबलाखालून बाहेर ओढलं, वायरी जोडल्या आणि कॉम्प्युटर सुरू केला. तो दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकत उठला. तिनं माझं बटण दाबलं. मी जोर लावला. सैल पट्टा नुसता जागच्या जागी घसरला, टक् असा आवाज झाला, बस. पडद्यावर तर माझं नावही दिसेना. आत्यानं कुशीवर चापट दिली. "चल रे माझ्या राजा." राजाला हलता येईना.

दुरुस्तीवाला आला. जाडजूड, जिना चढून घामाघूम झालेला माणूस. आल्या आल्या म्हणाला, "ताई, सीपीयू दुकानात नेतो. संध्याकाळी आणून देतो."

"नाही. काय करायचं ते इथे, माझ्यासमोर करा."

"अहो, सगळं सामान दुकानात आहे."

"मग ते इथे आणा."

त्यानं आत्याकडे पाहिलं. आत्या छताकडे पाहू लागली. तो मुकाट्यानं गेला, पिशवी घेऊन परत आला, आणि माझ्या डब्याकडे बघतच राहिला. मधल्या वेळेत आईनं प्रत्येक स्क्रूवर आणि माझ्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. चांगला भाग काढून त्यानं जुनाट बसवला तर कळावं म्हणून.

"याला काय गोवर आलाय, ताई?"

"खूण आहे," आई म्हणाली. कसली ते तिनं सांगितलं नाही. त्यालाही ते कळायला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा जरा पडला, पण तो बसला कामाला. मीही त्याच्या हातांकडे डोळे लावून होतो. मला तरी तो कुठे ओळखीचा होता?

त्यानं सुटलेली वायर बसवली. पडद्यावर माझं नाव आलं! आणि लगेच खाली ओळ उमटली, 'कृपया डिस्क घाला.'

"बघा!" आई म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं? आत नाहीये." एवढं बोलली आणि तिचे डोळे भरले, कारण आत नसेल तर मग ती कुठेच नव्हती.

मी जिवाच्या आकांतानं डिस्क फिरवायला गेलो. तिरकी डिस्क पत्र्याला घासली. खर्र.

"आत काहीतरी आहे हं," दुरुस्तीवाला म्हणाला. त्यानं पिशवीतून एक तार काढली आणि माझ्या चेहऱ्यावर नखानं चाचपू लागला. इकडे, तिकडे, बटणाच्या वर, बटणाच्या खाली. "कमाल आहे. या मॉडेलला भोकच नाही."

"कसलं भोक?"

"उघडायचं. सगळ्यांना असतं. याला दिसत नाही." त्यानं तार खाली ठेवली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. "तोंड फोडून काढावी लागेल. पूर्ण खोलत बसलो तर हा परत जुळेल याची खात्री नाही. फोडताना डिस्कला काही झालं तर मात्र मला बोलायचं नाही, आधीच सांगतो."

स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या ओठांच्या फटीत शिरलं. मी मनात म्हटलं, झालं, इतकी वर्षं ज्याची भीती होती तेच.

"थांबा!"

आई त्याच्या हाताकडे संशयानं बघत होती. मग तिची नजर हातावरून घसरून भिंतीच्या खालच्या कडेवर गेली. तिथे ओळीनं पांढरे गोळे होते. बुजवलेला प्लग, बुजवलेला खिळा, बुजवलेली फट. तिथून ती नजर हळूहळू फिरत माझ्या चेहऱ्यावर आली.

"किती मोठं असतं हो ते भोक?"

"सुईएवढं."

"अगं आई गं," मुंगीची आई म्हणाली.

आत्या तिच्याकडे बघत होती, भिंतीकडे बघत होती, आणि एकदम तिला फुटलंच. "वहिनी! तू याचंही नाक बुजवलंस?"

दुरुस्तीवाला तोंडावर हात धरून दुसरीकडे बघू लागला, पण त्याचे खांदे हलत होते.

आईनं कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच्या ओढणीची पिन काढली आणि पुट्टी कणाकणानं कोरली. पिन आत गेली, माझ्या चाकाला टेकली, आणि माझं तोंड बोटभर उघडलं. कित्येक महिन्यांनी उजेड आत आला. आईनं ट्रे हळूच ओढला. डिस्क तिरकी बसली होती, धुळीनं माखलेली. वर मुंगीचं नाव होतं, आईच्याच अक्षरात.

"पक्कं आठवत होतं ना तुला?" आत्या म्हणाली. मग आईचा चेहरा बघून तिनं आवाज खाली आणला. "बरं, जाऊ दे."

"मी उगाच तुला बोलले..."

"ते मग. आधी ती पूस."

डिस्क पुसली. मुंगीच्या कानासाठी आणलेल्या कापसाच्या काडीनं दुरुस्तीवाल्यानं माझं भिंग पुसलं, आणि ट्रे हातानंच आत ढकलला. त्यानं आपला पेनड्राइव्ह पुढे केला.

"तुमचा नको," आई म्हणाली. "त्यात व्हायरस असेल."

"असेलही," तो म्हणाला. "जगात कशाचा भरवसा द्यावा?"

आईनं स्वतःचा लावला. आता सगळं माझ्यावर होतं. मी डिस्क फिरवली. सवयीनं मी तिच्यावरही संशय घेतला. तू तीच ना? वाचू लागलो. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकू लागली. मधोमध आलो आणि ओरखडा लागला. टेम्पोतल्या खड्ड्यांनी पाडलेला, ऐन चित्रांच्या जागी. पट्टी थांबली.

"अडकलं," दुरुस्तीवाला थोड्या वेळानं म्हणाला. "आता काही खरं नाही. बंद करतो."

"हात लावू नका." आईनं माझ्या डब्यावर तळहात टेकला होता. "तो वाचतोय अजून. मला कळतंय."

मित्रांनो, तिला खरंच कळत होतं. मी वेग उतरवला होता आणि तीच ओळ पुन्हा वाचत होतो. नाही जमलं. पुन्हा. अक्षर अर्धं दिसलं. पुन्हा. मुंगी टेबलाखाली बसून दुरुस्तीवाल्याची चप्पल चावत होती आणि पहिल्यांदाच आईचं तिकडे लक्ष नव्हतं. मग ती ओळ लागली. पट्टी हलली, आणि शेवटपर्यंत गेली.

आईनं प्रत्येक चित्र लॅपटॉपवर उघडून कोपऱ्यातलं नाव वाचलं. मगच दुरुस्तीवाल्याला पाणी विचारलं.

गुरुवारी सकाळी मुंगीला उपाशी ठेवलं होतं. चित्रं चालली नाहीत तर भूल द्यावी लागेल, म्हणून तसं सांगितलेलं. ती भुकेनं कळवळत गेली. आत्या घरीच थांबली. तिनं तीच खोली पुन्हा पुन्हा झाडली आणि माझ्याशी बोलत राहिली. मी म्हटलं, बोलू दे. मलाही कुठे चैन होती? चित्रं मी वाचली होती, पण बरोबर वाचली ना? एखादी ओळ चुकली असेल तर?

दुपारी जिन्यावरून मुंगीचं रडणं ऐकू आलं. आत्यानं धावत दार उघडलं.

"काय झालं? का रडतेय एवढी?"

"भूक लागलीय तिला, दुसरं काय! आधी भात आण. मऊ कर. नाही, इकडे दे, मीच करते."

मुंगी दोन्ही गाल भरून खाऊ लागली. मुंगी टक्क जागी होती. आई घास भरवता भरवता सांगत होती, "नाही दिली भूल. जुनं आणि नवं शेजारी लावून बघितलं त्यांनी. वाढलेली नाही सूज. उलट उतरलीय थोडी. आता नुसतं पोटावरून बघत राहायचं म्हणाल्या."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी विचारलं, ही चित्रं आमच्याच मुंगीची आहेत ना, नक्की? दोनदा विचारलं."

आत्यानं कपाळाला हात लावला. मी मात्र तिच्या बाजूनं होतो. बरोबर विचारलं होतं तिनं.

मित्रांनो, संशय येणं वाईट नाही. तो आला म्हणून मुंगीच्या आईनं स्क्रूड्रायव्हर थांबवला. पण मी जन्मभर संशय घेतला तो पुन्हा वाचण्यासाठी. एकदा नीट दिसलं नाही म्हणून मी कुठल्या डिस्कला खोटी म्हटलं नाही. तुम्हीही माणसांना एकदा तरी परत वाचा. आणि घरातली जुनी वस्तू टाकायला काढाल तेव्हा तिचं तोंड आधी उघडून बघा. ती स्वतःहून काही सांगत नाही. तिला सुका, मऊ हात द्या, अधूनमधून चालवा. पडून राहिलं की आमचे पट्टे सैल होतात. माणसांचंही तसंच होत असावं.

मला भंगारात देणार अशी माझी अजूनही अटकळ आहे. पण काल दुरुस्तीवाला पुन्हा आला. आईनंच बोलावलं होतं, नवा रबरी पट्टा टाकायला. "दुकानात नेऊ का?" त्यानं हळूच विचारलं.

"कशाला? बसा इथे. चहा टाकते," आई म्हणाली, मुंगीला काखेत मारलं आणि आत गेली. गेली ती गेलीच. दारातून एकदाही डोकावली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला आणि दुरुस्तीवाला एकटाच माझ्यासमोर मांडी घालून बसला, हातात स्क्रूड्रायव्हर, समोर मी उघडा.

मी त्याच्या हातावरची नजर काढली नाही. घरात कुणीतरी लक्ष ठेवायला नको का!